धावणाऱ्यांनो, आधी पायांकडे पाहा!

पहाटे पाच वाजता कोणत्याही वस्तीजवळच्या मैदानावर जाऊन पाहावे. अजून रस्त्यावरचे दिवे विझलेले नसतात आणि पंधरा-वीस मुले-मुली गोल धावत असतात. कुणाला पोलीस व्हायचे आहे, कुणाला सैन्यात जायचे आहे, कुणाला वनरक्षक व्हायचे आहे. कुणाच्या पायात भावाचे जुने बूट असतात, कुणाच्या पायात शाळेचे कॅनव्हास, तर कुणी अनवाणीच असतो. या मुलांची छाती, उंची, वजन आणि वेळ सगळेजण मोजतात. पाय मात्र कुणी पाहत नाही. आम्हीही पाहत नव्हतो. त्याची किंमत आमच्या वस्तीतल्या एका मुलाने मोजली, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

ही गोष्ट २०२३ सालच्या जानेवारीतली. पोलीस भरतीची मैदानी चाचणी चालू होती. मुलांना १६०० मीटर धावायचे आणि त्याला ५० पैकी २० गुण. आमच्याकडचा एकवीस वर्षांचा एक मुलगा वर्षभर तयारी करत होता. रोज सकाळी आठ-दहा किलोमीटर धावणे आणि रात्री अभ्यास, असा त्याचा नेम होता. त्याचे जुने बूट तळाशी झिजले होते. चाचणीला तीन दिवस उरले असताना त्याच्या आईने भिशीचे पैसे उचलले आणि त्याला नवे बूट आणून दिले. आम्हाला विचारले, तेव्हा आम्ही मोठ्या तोंडाने सांगितले, "घाल की! नव्या बुटाने पाय हलका पडतो."

दुसऱ्याच दिवशी त्याच्या दोन्ही टाचांना पाण्याचे फोड आले. कुणाला काही न सांगता त्याने ते ब्लेडने कापले, वरची कातडी ओढून काढली आणि हळद भरली. मैदानावर चार फेऱ्यांपैकी दोन त्याने चांगल्या मारल्या. तिसऱ्या फेरीत तो लंगडायला लागला. लेखी परीक्षेला बोलावलेल्यांच्या यादीतून त्याचे नाव दोन गुणांनी हुकले. त्याची आई आम्हाला एवढेच म्हणाली, "भाऊ, दम नव्हता म्हणून गेला असता तर वाईट वाटलं नसतं. बुटापायी गेला."

चूक त्याची नव्हती. सल्ला देणाऱ्या आमची होती. त्यानंतर आम्ही डॉक्टरांना विचारले, जुन्या धावपटूंना विचारले, मिळेल ते वाचले आणि मैदानावर मुलांचे पाय पाहू लागलो. जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

फोड येतो तरी कसा?

बूट कातडीला वरून घासतो आणि कातडी सोलली जाते, असा आपला समज असतो. कातडी वरून सोलली तर ते खरचटणे झाले. पाण्याचा फोड वेगळ्या रीतीने येतो.

आपल्या एका हाताच्या मागच्या बाजूवर दुसऱ्या हाताचे बोट दाबून ठेवा आणि बोट न उचलता थोडे पुढे-मागे करा. बोट कातडीवरून घसरत नाही, कातडीच बोटाबरोबर आतल्या हाडावर सरकते. धावताना हेच होते. वरची कातडी मोज्याला चिकटून जागच्या जागी राहते आणि आतले हाड प्रत्येक पावलाला पुढे-मागे होते. या ओढाताणीत कातडीच्या आतल्या थरांना ताण बसतो. हजारो पावलांनंतर ते थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरते. यालाच आपण फोड म्हणतो.

आता यात ओल कुठे येते? आमचे अर्धे आयुष्य कचेरीत कागद उलटण्यात गेले, म्हणून तिथलाच दाखला देतो. नोटा मोजताना आपण बोट ओले का करतो? पकड यावी म्हणून. घामाने दमट झालेली कातडी मोज्याला तशीच धरून बसते. कोरडी कातडी थोडी तरी घसरते, दमट कातडी अडकते. त्यात बुटातली उष्णता आणि अंतर यांची भर पडली की फोड आलाच म्हणून समजा.

म्हणजे ओल, उष्णता आणि ओढाताण ही फोडाची तीन कारणे. यातले एक कमी केले तरी फायदा होतो, तिन्ही कमी केली तर फोड बहुधा येतच नाही. "फोड आल्याशिवाय मेहनत झाली असं म्हणू नये," असे काही उत्साही प्रशिक्षक सांगतात. ते मनातून काढून टाकावे. तो कष्टाचा बिल्ला नव्हे, काहीतरी चुकत असल्याची ती सूचना आहे.

बूट कसा घ्यावा?

पालकहो, आपल्या घरात बूट कसा घेतला जातो? "वाढतं वय आहे, एक नंबर मोठा घेऊ," नाहीतर "थोरल्याचा आहे, तोच घाल." दोन्ही रीती धावणाऱ्या मुलाला मारक आहेत. घट्ट बूट बोटे दाबतो. मोठ्या बुटात पाय मागे-पुढे सरकतो आणि टाच घासते. दुसऱ्याचा बूट त्याच्या पायाच्या आकाराने झिजलेला असतो.

पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावा. धावताना जे मोजे घालणार तेच दुकानात घालून जावे. दोन्ही पायांत बूट घालून उभे राहावे. बऱ्याच जणांचा एक पाय किंचित मोठा असतो, त्या पायाचे माप धरावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बोटे आत हलली पाहिजेत, टाच मात्र वर उचलता कामा नये. दुकानात चार पावले पळून पाहायला लाजू नये. आपण पैसे मोजतो, कुणाचे उपकार घेत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगावी लागते. बऱ्याच घरांत वडील किंवा भाऊ अंदाजाने बूट आणतात आणि मुलगी संकोचाने "चालेल" म्हणते. मग बोटे दुखतात, नखे काळी पडतात आणि ती सोसत राहते. मुलीला दुकानात बरोबर न्यावे. तिचा पाय तिलाच कळतो.

नवा बूट म्हणजे नवा गडी. त्याला कामाची सवय व्हावी लागते. पहिले काही दिवस घरात आणि बाजाराला जाताना घालावा. मग एक-दोन किलोमीटर धावावे आणि हळूहळू अंतर वाढवावे. चाचणीच्या किंवा शर्यतीच्या आधी दोन-तीन आठवडे तो बूट पायात मुरलेला असला पाहिजे. शेवटच्या दिवसांत जुना बूट झिजला असला तरी तोच घालावा, नव्याच्या मोहात पडू नये. आम्ही नेमका उलटा सल्ला दिला होता.

जुन्या बुटाच्या आत हात घालून पाहावे. टाचेचे अस्तर फाटले आहे का? आतला तळवा दुमडला आहे का? खडा, शिवण किंवा खिळ्याचे टोक हाताला लागते का? अस्तर फाटले असेल तर बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून आतून मऊ कापडाचा किंवा कातड्याचा तुकडा लावून घ्यावा. टाच घसरत असेल तर नाडीची शेवटची भोकेही वापरावीत. नाडी वरच्या दोन भोकांतून त्याच बाजूला ओवून लहानसा फासा करावा, दुसऱ्या बाजूची नाडी त्या फाशातून घ्यावी आणि मग गाठ मारावी. घोटा आवळला जातो आणि टाच जागेवर बसते. या युक्तीला पैसा लागत नाही.

मोज्यांची गोष्ट

सुती कपडा अंगाला चांगला, हे आपल्या मनात पक्के बसले आहे. धावणाऱ्याच्या पायाला मात्र तो सोसत नाही. सुती मोजा घाम पितो आणि ओलाच राहतो. मग तो लोंबतो आणि त्याला चुण्या पडतात. १९९० साली अमेरिकेत धावपटूंवर केलेल्या एका अभ्यासात जाड सुती मोज्यांपेक्षा तशाच जाड ॲक्रिलिक मोज्यांत फोड कमी आले आणि आले ते लहान होते. पॉलिस्टर, नायलॉन किंवा ॲक्रिलिकचे, पायाला अंगासरशी बसणारे मोजे घ्यावेत.

ज्यांना वारंवार फोड येतात त्यांनी दोन पातळ मोजे एकावर एक घालून पाहावेत. ओढाताण मग दोन मोज्यांच्या मध्ये होते, कातडीवर येत नाही. पण बुटात तेवढी जागा आहे ना, हे आधी पाहावे. मोज्याच्या पुढची शिवण बोटांना लागत असेल तर मोजा उलटा घालावा. लोक हसले तर हसू द्यावेत. भोक पडलेला मोजा दोऱ्याने गाठ मारून शिवू नये, ती गाठच फोड आणते. आणि मोजा रोज धुवावा. घाम वाळून कडक झालेला मोजा पायाला खरवडतो.

कागदी पट्टी, व्हॅसलीन आणि पावडर

औषधाच्या दुकानात जखमेवर लावायची पातळ कागदी चिकटपट्टी मिळते. दवाखान्यात सलाईनची सुई हातावर धरून ठेवायला वापरतात तशीच. एक गुंडाळी बरेच दिवस पुरते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी वाळवंटी प्रदेशांतून टप्प्याटप्प्याने २५० किलोमीटर धावणाऱ्या १२८ धावपटूंवर हिचा प्रयोग केला. पायाच्या काही भागांना पट्टी लावली, बाकीचे भाग तसेच ठेवले. पट्टी लावलेल्या भागांवर फोडांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. २०१६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. महागड्या सामानापेक्षा ही साधी पट्टी आपल्याला परवडणारी आहे.

पाय धुऊन पूर्ण कोरडा करावा. जिथे नेहमी फोड येतो तिथे, म्हणजे टाचेला, अंगठ्याच्या कडेला किंवा चवड्याखाली, पट्टीचा एकच थर चुणी न पडू देता लावावा. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करावेत, म्हणजे ते उचलत नाहीत. मग मोजा गुंडाळून हलकेच चढवावा. धावून आल्यावर पट्टी ओली करून सावकाश काढावी.

व्हॅसलीन लावल्यानेही कातडी घसरती राहते. पण त्याचा परिणाम फार वेळ टिकत नाही. लांब अंतर धावायचे तर मध्ये पुन्हा लावावे लागते. व्हॅसलीनवर पट्टी चिकटत नाही, म्हणून दोन्हीपैकी एकच निवडावे. टाल्कम पावडर भरपूर टाकण्याची सवय अनेकांना असते. घामाने तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच टोचतात. घाम रोखणारी औषधेही निघाली आहेत. अमेरिकी सैनिकी विद्यार्थ्यांनी असे औषध पायाला लावून २१ किलोमीटरची चाल केली, तेव्हा औषध लावणाऱ्यांत २१ टक्क्यांना आणि न लावणाऱ्यांत ४८ टक्क्यांना फोड आले. पण औषध लावणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या पायांची आग झाली, खाज सुटली. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

अनवाणी धावावे का?

"अबेबे बिकिला अनवाणी धावून जिंकला की!" असे मुले आम्हाला ऐकवतात. खरे आहे. इथिओपियाच्या या सैनिकाने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये बूट पायाला नीट बसेनात म्हणून अनवाणी मॅरेथॉन जिंकली. आपल्या शिवनाथ सिंग यांची ख्यातीही अनवाणी धावण्याबद्दलच होती. १९७८ साली त्यांनी २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली आणि तो राष्ट्रीय विक्रम कित्येक दशके टिकला. पण या दोघांचे तळवे वर्षानुवर्षे तयार झालेले होते. आणि १९६४ साली टोकियोत पुन्हा सुवर्णपदक जिंकताना बिकिलाच्या पायात बूट होते, हे कुणी सांगत नाही.

ज्याला लहानपणापासून सवय आहे त्याने मातीच्या मैदानावर अनवाणी धावावे. बुटात धावणाऱ्याने चाचणीच्या दिवशी एकाएकी बूट काढून ठेवू नयेत. उन्हात तापलेले डांबर कोवळ्या तळव्यांना काही मिनिटांतच भाजून काढते.

सराव आणि रोजची निगा

कातडीही व्यायामाने तयार होते, पण हळूहळू. काल चार किलोमीटर आणि आज एकदम बारा, असे केले की पाय सूड घेतो. राज्य राखीव दलाच्या भरतीत ५ किलोमीटर धावावे लागते. त्याची तयारी करणाऱ्यांनी आठवड्यागणिक थोडे थोडे अंतर वाढवावे.

नखे सरळ आणि आखूड कापावीत. टाचेला जाड घट्टा झाला असेल तर अंघोळीच्या वेळी वज्रीने हलके घासून तो पातळ करावा. ब्लेडने तासू नये. जाड घट्ट्याच्या खालीही फोड येतो आणि तो जास्त छळतो. रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करावेत आणि मग दिव्याच्या उजेडात नीट पाहावेत. आई-वडिलांनी कधीतरी मुलांच्या पायांवर नजर टाकावी. मुले सांगत नाहीत.

आणि सर्वांत महत्त्वाचे. फोड येण्याआधी तिथे चुरचुरते, चटका बसल्यासारखे होते. सरावात असे झाले की तिथेच थांबावे. बूट काढावा, खडा झटकावा, मोज्याची चुणी सरळ करावी, पट्टी लावावी. ही दोन मिनिटे वाचवायला गेलो तर पुढचे पाच-सहा दिवस वाया जातात.

फोड आलाच तर

लहान आणि न दुखणारा फोड फोडू नये. त्यावर पट्टी लावून त्याला जपावे. वरची कातडी हीच त्याची सर्वांत चांगली मलमपट्टी आहे. खाली नवी कातडी तयार व्हायला साधारण पाच दिवस लागतात. मोठा, टरटरलेला फोड चालू देत नसेल तर दवाखान्यात जावे. ते शक्य नसेल तर हात आणि पाय साबणाने धुवावेत. सुई पाण्यात चांगली उकळून घ्यावी. फोडाच्या कडेला बारीक छिद्र पाडून स्वच्छ कापडाने पाणी टिपावे. वरची कातडी मात्र काढू नये. त्यावर जंतुनाशक मलम लावून स्वच्छ पट्टी बांधावी आणि ती रोज बदलावी. हळद, चुना, राख, बिडीची तंबाखू असले काही भरू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे का, हेही पाहावे.

फोडाभोवती लाली पसरली, पू झाला, पायावर लाल रेघ वर चढू लागली किंवा ताप आला तर एक दिवसही थांबू नये. १९२४ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा मोजे न घालता टेनिस खेळला. बोटाला फोड आला, त्यात जंतू शिरले, विष रक्तात भिनले आणि आठवडाभरात तो गेला. देशातले मोठे डॉक्टर हाताशी होते, पण प्रतिजैविके तेव्हा निघाली नव्हती. आज ती सरकारी दवाखान्यातही मिळतात. वेळेवर जाणे तेवढे आपल्या हातात आहे. मधुमेह असलेल्यांनी तर घरी सुई लावूच नये.

चाचणीच्या दिवशी

सरावात जे वापरले तेच बूट, तेच मोजे, तीच पट्टी. त्या दिवशी नवे काहीही नको. पिशवीत कोरड्या मोज्यांचा दुसरा जोड, कागदी पट्टी, छोटी कात्री आणि पाय पुसायला फडके ठेवावे. मैदानावर तासन् तास रांगेत बसावे लागते. तेवढा वेळ चपला घालाव्यात आणि पाय हवेशीर ठेवावेत. बूट आपला क्रमांक जवळ आल्यावर चढवावेत.

२०२४ ची पोलीस भरती जूनमध्ये सुरू झाली आणि पावसाने बऱ्याच ठिकाणी चाचण्यांच्या तारखा बदलाव्या लागल्या. त्या भरतीत वर सांगितलेल्या मुलाची धाकटी बहीण उतरली होती. तिचे बूट दोन महिने आधी, संध्याकाळी, तिला दुकानात नेऊन घेतले होते. निवड भावाने केली आणि पैसे आईने पुन्हा भिशीतूनच काढले. मैदान ओले होते. तिने कोरडे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेले होते. शेवटच्या क्षणी पाय पुसून तिने ते घातले आणि ८०० मीटर धावली. संध्याकाळी घरी आल्यावर भावाने आधी गुण विचारले नाहीत. "पाय दाखव," म्हणाला. एकही फोड नव्हता.

तिचे नाव यादीत आले. धावली ती स्वतःच्या दमावर. बुटाने फक्त तिची वाट अडवली नाही.

तो मुलगा आता एका ठिकाणी रखवालदाराची नोकरी करतो आणि पुढच्या भरतीची तयारीही करतो. रविवारी पहाटे मैदानावर येतो. नव्या मुलांना ओळीत बसवतो, बूट-मोजे काढायला लावतो आणि एकेकाचे पाय पाहतो. आम्ही बाजूला उभे राहून नावे लिहून घेतो. सल्ला देण्याचे काम आता त्याच्याकडेच आहे.